निर्यातीच्या टेबलावरून: रसायन शेवटी कुणाच्या हातात जाणार, हे तपासायचं कसं

महासंहारक शस्त्रं रोखण्याचं राष्ट्रीय धोरण म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दिल्लीतलं एखादं दालन येतं, लांबलचक टेबल आणि भोवती गणवेशातले लोक. माझ्या डोळ्यांसमोर निळा ड्रम येतो. दोनशे लिटरचा, तोंडाला सील, पोटावर लेबल. गेली बावीस वर्षं मी रसायनं बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं करते. या काळात मला कळलं ते एवढंच, की दिल्लीत ठरलेलं धोरण कुठेतरी प्रत्यक्षात उतरतं, आणि ती जागा बऱ्याचदा आमच्या गेटवरचा वजनकाटा असते. तिथून गाडी सुटली की मग सगळं पत्रव्यवहारावर.

हे लिहिते आहे ते निर्यात विभागात नव्याने आलेल्या मुलामुलींसाठी. मोठ्या कंपन्यांत यासाठी वेगळा विभाग असतो, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. जिथे एकच माणूस इन्व्हॉइस करतो, सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटला, फोन करतो आणि मधल्या वेळात लेबलं छापतो, तिथे हे लागतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती ठाऊक नसेल तर पुढचं सगळं नसतं झेंगट वाटतं. फ्रान्स व्हान अनरात नावाचा एक डच व्यापारी होता. त्याने 1980 च्या दशकात इराकला हजार टनांहून जास्त थायोडायग्लायकोल पुरवलं. हे रसायन बॉलपेनच्या शाईत वापरतात, कापड रंगवताना वापरतात. मस्टर्ड वायू हे रासायनिक शस्त्र बनवतानाही वापरतात. मार्च 1988 मध्ये इराकच्या सैन्याने आपल्याच देशातल्या हलब्जा शहरावर रासायनिक हल्ला केला आणि हजारो माणसं मेली. डिसेंबर 2005 मध्ये हेगच्या न्यायालयाने या व्यापाऱ्याला युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल 15 वर्षांची शिक्षा दिली, अपिलात ती वाढली. हा माणूस रसायनशास्त्रज्ञ नव्हता आणि सैनिकही नव्हता. तो माल इकडून तिकडे पाठवणारा होता. म्हणजे आपल्याच धंद्यातला.

एप्रिल 2004 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 1540 क्रमांकाचा ठराव केला आणि प्रत्येक देशाला सांगितलं, की अशी शस्त्रं आणि त्यांचा कच्चा माल भलत्या हाती जाऊ नये म्हणून घरचा कायदा करा. आपल्याकडे 2005 मध्ये महासंहारक शस्त्रं आणि ती वाहून नेणाऱ्या प्रणालींबद्दलचा कायदा आला. 2022 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन अशा कामाला पैसा पुरवणंही गुन्हा ठरलं. म्हणून आमच्या अकाउंट्सच्या मुलालाही मी अधूनमधून शेजारी बसवून घेते. रासायनिक शस्त्रबंदीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा वेगळा कायदा 2000 चा आहे, तो 1 जुलै 2005 पासून लागू झाला. या सगळ्यातून तुमच्या टेबलावर जे येतं ते म्हणजे स्कोमेटची यादी, निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची. स्पेशल केमिकल्स, ऑर्गॅनिझम्स, मटेरियल्स, इक्विपमेंट अँड टेक्नॉलॉजीज. परदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे आपलं डीजीएफटी, ती प्रसिद्ध करतं आणि वेळोवेळी बदलतं.

नाव सोडा, नंबर धरा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते, आणि मीही ती केली आहे. 

आमच्याकडे सेल्सच्या एका मुलाने ऑर्डर घेतली आणि माल लिहिला ‘टीईए’. मी नवी नव्हते, पण घाईत होते. बाजारात टीईए दोन गोष्टींना म्हणतात. एक ट्रायइथाइलअमाइन, एक ट्रायइथेनॉलअमाइन. पहिलं शस्त्रबंदी कराराच्या कुठल्याच अनुसूचीत, म्हणजे करारातल्या रसायनांच्या तीन याद्यांपैकी एकीतही, नाही. दुसरं तिसऱ्या अनुसूचीत आहे, जरी ते क्रीम-लोशनपासून सिमेंट दळण्यापर्यंत सगळीकडे वापरलं जातं. इन्व्हॉइसवर एक नाव गेलं, सेफ्टी डेटा शीटवर, म्हणजे मालाच्या धोक्यांच्या माहितीपत्रकावर, दुसरं, आणि कंटेनर बंदरात अकरा दिवस उभा राहिला. कंटेनर अडकून पडल्याचं, म्हणजे डिटेन्शनचं, बिल आलं तेव्हा शेठ काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून नियम असा: ऑर्डर हातात आली की पहिल्यांदा कॅस नंबर मागायचा. प्रत्येक रसायनाला जगभर एकच असा नोंदणी क्रमांक असतो. ट्रायइथेनॉलअमाइनचा 102-71-6, ट्रायइथाइलअमाइनचा 121-44-8. नाव दहा प्रकारे लिहिता येतं, ब्रँडचं नाव तर काहीही असू शकतं, पण नंबर बदलत नाही.

नंबर टाइप करताना चुकला तर? त्यावर आमच्या लॅबवाल्या काकांनी शिकवलेली युक्ती आहे. कॅस नंबरचा शेवटचा आकडा हा पडताळणीचा असतो. तो सोडून बाकीचे आकडे उजवीकडून डावीकडे घ्या आणि एक, दोन, तीन असं गुणत जा. 102-71-6 मध्ये: एक गुणिले एक, सात गुणिले दोन, दोन गुणिले तीन, शून्य गुणिले चार, एक गुणिले पाच. बेरीज 26. तिचा शेवटचा आकडा सहा, आणि नंबरचाही शेवटचा आकडा सहा. जुळलं. खरेदीदाराने पाठवलेला नंबर जुळला नाही तर एक तर त्याची टायपिंगची चूक आहे, नाही तर त्याला स्वतःलाच माहीत नाही तो काय मागवतोय. दोन्हीत गाडी थांबते.

एचएस कोडवर भिस्त ठेवू नका. तो जकातीसाठी आहे. एकाच कोडाखाली नियंत्रण असलेला आणि नसलेला माल शेजारी शेजारी नांदत असतो, आणि मिश्रणं तर सगळी एकाच मोठ्या पोत्यात भरलेली. मिश्रण असेल तर लॅबकडून घटकांची वजनी टक्केवारी लेखी घ्या. यादीत मिश्रणांसाठी मर्यादा दिलेल्या आहेत, पण त्या विभागागणिक वेगळ्या आहेत, तेव्हा पाठ करण्याच्या फंदात पडू नका. दर वेळी ताजी यादी उघडा. माझ्या शेजारच्या टेबलावर बरीच वर्षं एक छापील प्रत होती, कोपरे दुमडलेली, पिवळी पडलेली. ती मी एके दिवशी स्वतः फाडली, कारण लोक तीच बघायचे.

यादी वाचायची पद्धत

यादीत शून्यापासून आठपर्यंत गट आहेत. शून्य म्हणजे अणुपदार्थ, त्याचा परवाना अणुऊर्जा विभाग देतो. सहा म्हणजे युद्धसाहित्य, ते संरक्षण उत्पादन विभागाकडे. सातवा गट राखीव आहे. बाकीचे गट डीजीएफटीकडे. आपला संबंध मुख्यतः पहिल्या गटाशी. जंतू आणि विषं बनवणारे दुसऱ्याशी झगडतात.

पहिल्या गटात ‘ए’ म्हणजे करारातली पहिली अनुसूची: सरीन, मस्टर्ड आणि त्यांचे अगदी जवळचे नातेवाईक. हे तुमच्या कारखान्यात नसणारच. ‘बी’ म्हणजे दुसरी अनुसूची, थायोडायग्लायकोल इथे. ‘सी’ म्हणजे तिसरी, इथे ट्रायइथेनॉलअमाइन, फॉस्फरस ट्रायक्लोराइड, थायोनिल क्लोराइड असा रोजच्या धंद्यातला माल आहे, टनाटनांनी विकला जाणारा. त्यापुढे ‘डी’, त्यात करारात नसलेली पण ऑस्ट्रेलिया ग्रुप नावाच्या देशांच्या गटाने नजर ठेवलेली रसायनं येतात. भारत त्या गटात जानेवारी 2018 मध्ये गेला. इलेक्ट्रोप्लेटिंगवाल्यांचं रोजचं सोडियम सायनाइड याच जातीतलं. ‘आमचं तर साधं प्लेटिंगचं मटेरियल आहे हो’ असं फोनवर सांगणाऱ्यांना मी हेच सांगते, की साधं असतं म्हणूनच ते यादीत असतं. ज्याचा शस्त्राशिवाय दुसरा उपयोगच नाही ते उघड्यावर विकायला कोण बसलंय?

प्रत्येक विभागाच्या तोंडाशी अट लिहिलेली असते. लोक रसायनाचं नाव सापडलं की थांबतात, वरची अट वाचत नाहीत. निम्मं उत्तर तिथेच असतं.

आणखी एक जागा लोक हमखास विसरतात: यंत्रं. आमच्या ओळखीतल्या एका कारखान्याने जुना ग्लास-लाइन्ड, म्हणजे आतून काचेचा थर दिलेला, रिअॅक्टर परदेशी गिऱ्हाइकाला विकायला काढला. भंगाराच्या भावात. त्यांच्या लेखी ते भंगारच होतं. पण 100 लिटरहून मोठे आणि 20,000 लिटरहून लहान असे रिअॅक्टर, आतला थर काच किंवा ठराविक मिश्रधातूंचा असेल तर, नियंत्रणाखाली येतात. कारण उघड आहे: जे आम्ल तुमच्या रिअॅक्टरला खात नाही, ते दुसऱ्या कुणाच्या रिअॅक्टरलाही खाणार नाही. आणि माल न पाठवता नुसता ड्रॉइंग किंवा प्रक्रियेची माहिती ईमेलने पाठवली, तर तीही निर्यात धरली जाऊ शकते. आमच्या मेंटेनन्सच्या साहेबांना हे पटायला एक वर्ष लागलं.

देश

हे भरभर. रासायनिक शस्त्रबंदी करारात 193 देश आहेत. बाहेर आहेत इजिप्त, उत्तर कोरिया, दक्षिण सुदान, आणि इस्रायल, ज्याने सही केली पण मंजुरी दिली नाही. दुसऱ्या अनुसूचीतला माल कराराबाहेरच्या देशात जात नाही, विषय संपला. तिसऱ्या अनुसूचीतला माल तिकडे जायचा असेल तर त्या देशाच्या सरकारचं अंतिम-वापर प्रमाणपत्र लागतं, कंपनीच्या लेटरहेडवरचं चालत नाही. उत्तर कोरियाबद्दल 2006 पासून सुरक्षा परिषदेचे निर्बंध आहेत, तिथे विचारही करू नका. निर्बंधांच्या याद्या बदलतात, म्हणून खरेदीदाराचं नाव दर ऑर्डरला नव्याने तपासा, गेल्या वर्षी तपासलं होतं असं म्हणू नका.

शेवटचा हात

आता खरं काम. कॅस नंबर बघायला कुणीही शिकेल. माणूस ओळखणं यादीत लिहिलेलं नसतं.

माल यादीत नसला तरी सुटका नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. 2005 चा कायदा म्हणतो, की माल शस्त्रासाठी वापरला जाणार हे ठाऊक असताना तो पाठवणं गुन्हा आहे, मग तो यादीत असो वा नसो. शस्त्र बनवण्याबद्दलची शिक्षा तर जन्मठेपेपर्यंत जाते. ‘मला काय माहीत’ हे उत्तर तेव्हाच टिकतं, जेव्हा तुम्ही खरंच विचारलेलं असतं आणि ते फाइलमध्ये असतं.

मी नव्या खरेदीदाराला चार गोष्टी विचारते, आणि गप्पांच्या ओघात विचारते, फॉर्मसारख्या नाही. हा माल तुम्ही स्वतः वापरणार की पुढे देणार? पुढे देणार तर कुणाला, त्यांचा कारखाना कुठे? त्यापासून काय बनवणार? महिन्याला किती लागतो? शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. जो खरोखर वापरतो तो यावर लगेच आकडा सांगतो, वर भाव कमी करा म्हणून मागेही लागतो. भाव न पाडणारा खरेदीदार दिसला की माझे कान टवकारतात. धंद्यात भाव न पाडता कोण घेतं?

उत्तरं मिळाली की मी लॅबवाल्या काकांकडे जाते आणि एकच वाक्य विचारते: ‘एवढ्या मालात यांचं एवढंच होईल का?’ काका चष्मा कपाळावर ढकलतात, कागदाच्या पाठीवर गणित करतात. कधी म्हणतात, बरोबर आहे. एकदा म्हणाले, ‘अगं, एवढ्यात तर त्यांच्या आख्ख्या देशाचं लोशन होईल.’ ती ऑर्डर एका ट्रेडरची होती. माल मुक्त व्यापार क्षेत्रातल्या गोदामात उतरवायचा, कन्साइनी, म्हणजे माल उतरवून घेणारा, म्हणून एका फ्रेट फॉरवर्डरचं, म्हणजे नुसती वाहतूक करून देणाऱ्याचं, नाव, पैसे सगळे आगाऊ, तेही तिसऱ्याच देशातल्या खात्यातून. सेफ्टी डेटा शीट नको म्हणाले. ड्रमवर आमचं लेबल नको, कोरे पाठवा म्हणाले. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिला कारण असू शकतं. ट्रेडरला आपला सप्लायर लपवायचा असतो, हे मला कळतं. पण सगळ्या एकदम आल्या, आणि अंतिम वापरणारा कोण हे विचारल्यावर तीन दिवस उत्तर नाही, चौथ्या दिवशी वेबसाइट नसलेल्या एका कंपनीचं नाव.

आम्ही ऑर्डर सोडली आणि डीजीएफटीला कळवलं. तो माणूस कोण होता ते मला आजही माहीत नाही. कदाचित नुसता कर चुकवणारा असेल. त्या महिन्यात सेल्सवाला माझ्याशी बोलत नव्हता, कारण त्याचं इन्सेंटिव्ह गेलं होतं. हे होणार हे धरून चाला.

म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचा कागद मी शेठकडून लिहून घेतला आहे. कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी: निर्यात विभाग आणि लॅब यांच्यापैकी कुणीही एक जण, कुणालाही न विचारता, गाडी थांबवू शकतो. सुरू करायला मात्र दोघांच्या सह्या लागतात. मोठ्या कंपन्या याला इंटर्नल कम्प्लायन्स प्रोग्राम म्हणतात आणि चाळीस पानांची पुस्तिका काढतात, डीजीएफटीलाही ती हवी असते. आमची सुरुवात या एका पानाने झाली. ते सिक्युरिटीच्या केबिनमध्ये काचेखाली ठेवलेलं आहे, कारण संध्याकाळी सात वाजता ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो तेव्हा वॉचमनकाकांना दाखवायला काहीतरी लागतं.

परवाना

लागणार असं ठरलं तर अर्ज ऑनलाइन करायचा, डीजीएफटीच्या पोर्टलवर. परराष्ट्र व्यापार धोरण 2023 चं दहावं प्रकरण पूर्ण याच विषयाला दिलं आहे, ते आणि त्याच्या जोडीची कार्यपद्धतीची पुस्तिका एकदा शांतपणे वाचा. अर्ज दिल्लीतल्या आंतरमंत्रालयीन गटापुढे जातो, तिथे वेगवेगळ्या खात्यांची मतं घेतली जातात. म्हणून खरेदीदाराला ‘पुढच्या आठवड्यात माल निघेल’ असं सांगू नका. सेल्सला आधीच दटावून ठेवा. काही रसायनांना काही देशांपुरती सर्वसाधारण परवानगी मिळते, म्हणजे दर खेपेला नवा अर्ज नको. तुमचा माल आणि देश तिच्यात बसत असेल तर पहिल्यांदा तीच मिळवा.

अर्ज अडतो तो बहुतेकदा अंतिम-वापर प्रमाणपत्रावर. ते खरेदीदाराने, मधल्या कन्साइनीने आणि शेवटी वापरणाऱ्याने आपापल्या लेटरहेडवर द्यायचं असतं. त्यात मालाचं नाव, प्रमाण, ऑर्डर क्रमांक तुमच्या अर्जाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. तुमच्या अर्जात ‘मेट्रिक टन’ आणि तिकडे ‘किलो’ असलं तरी प्रश्न येतो. ‘औद्योगिक वापरासाठी’ एवढंच लिहून आलं तर मी तसंच परत पाठवते. कोणता उद्योग, कोणतं उत्पादन, कारखान्याचा पत्ता काय, हे हवं. सही करणाऱ्याचा हुद्दा वाचा. मला एकदा रिसेप्शनिस्टची सही आली होती.

माल गेल्यावर

इथे सगळे ढिले पडतात. बोट सुटली, पैसे आले, चहा झाला. पण तिकडच्या कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे माल तिथे आयात झाल्याचा कागद, खरेदीदाराकडून मागवायचं राहतं, आणि ज्या मालाची निर्यात झाल्यावर कळवायचं असतं त्याची मुदत तुमच्या डोळ्यांदेखत निघून जाते. मी बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, तारीख पडली की त्याच क्षणी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने मुदत लिहिते. मोबाइलमधल्या आठवणी मी झोपेत बंद करते, भिंत बंद करता येत नाही.

कागद पाच वर्षं ठेवायचे. ऑर्डर, खरेदीदाराशी झालेले ईमेल, काकांचं कागदाच्या पाठीवरचं गणितसुद्धा. त्यावर तारीख टाकून घ्या, ते गणितच तुम्ही विचारलं होतं याचा पुरावा आहे. न पाठवलेल्या ऑर्डरींची फाइल वेगळी ठेवा, कारण तोच खरेदीदार दोन वर्षांनी दुसऱ्या नावाने येतो आणि फोन नंबर मात्र तोच असतो. आमच्याकडे असं दोनदा झालंय. आणि या फाइली कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवू नका. आमच्या ऑफिसचं छत पावसाळ्यात नेमकं तिथेच गळतं.